एकदाच आलेलं क्रियापद

जानराव हसले आणि प्राजक्ताच्या हातातला कागद आपोआप खाली आला. हसण्यात वाईट काही नव्हतं. तेल्हाऱ्याकडचा सत्तरीचा माणूस, जन्मभर कपाशी पेरलेली. महिन्यातून दोन शनिवार अकोल्याला येऊन या खोलीत खुर्चीवर मांडी घालून बसायचा आणि वाचलेलं नुसतं ऐकायचा, एवढंच त्यांच्याकडे काम होतं. बायबलच्या जुन्या करारातल्या बारा लहान संदेष्ट्यांची पुस्तकं वऱ्हाडी बोलीत आणायचा उद्योग तीन वर्षं चालला होता. हिब्रूवरून मसुदा प्राजक्तानं करायचा, तपासायचा शेषराव मास्तरांनी, आणि शेवटी तो जानरावांच्या कानावर घालायचा. त्यांचा कान अडखळला की शब्द बदलायचा, असा नियम. आज कान अडखळला नव्हता, सरळ हसला होता. "उंबरं गोया करनारा?" जानराव म्हणाले. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, गोळा करणारा तो गोया करनारा. "पोरी, उंबर कोनी गोया करते का? ते त पिकलं का आपलं आपुन पडते खाली. पाखरं खातेत, ढोरं खातेत. त्याच्यावर मानूस कायले ठेवते कोनी?" शेषराव मास्तर चर्चचे निवृत्त पाळक होते आणि त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली सोसत नसे. ते म्हणाले, "मग 'उंबरं राखणारा' करा. राखणाऱ्याला कोणी हसत नाही. पुढच्या शनिवारी आमोसाचं पुस्तक छपाईला द्यायचं आहे, प्राजक्ता." तिनं मान हलवली, पण पेन उचललं नाही. राखणारा. सावध, गुळगुळीत शब्द. खरा असेलही. पण तो खरा आहे म्हणून नव्हे, तर त्याला कोणी हसणार नाही म्हणून लिहायचा, हे तिला बोचत राहिलं.

अमरावतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ती त्या एका शब्दापाशीच होती. बोलेस. ब, ल, स, तीन अक्षरांचा धातू, आणि साऱ्या हिब्रू शास्त्रात तो एकदाच येतो, आमोसाच्या सातव्या अध्यायात, तोही आमोस रागात असताना. एखादा शब्द दहा ठिकाणी आला असला तर दहा ठिकाणच्या शेजाऱ्यांना विचारता येतं, काय हो, हा तुमच्याकडे कसा वागतो? एकदाच आलेल्याला शेजार नसतो. कोशवाले मग अंदाजानं बोलतात. कोणी म्हणतं गोळा करणारा, कोणी म्हणतं निगा करणारा. अरबीत बलस म्हणजे अंजीर, तेव्हा फळाच्या नावावरूनच क्रियापद झालं असेल, आपण पाण्यावरून पाणावणं करतो तसं, असंही एक मत. आणि फार पूर्वी इजिप्तात बसून ज्यांनी हे सगळं ग्रीकमध्ये नेलं, त्यांनी भलतंच लिहून ठेवलं होतं, ओरखडणारा. तिच्या वहीत तो शब्द होता. त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढून तिनं तो सोडून दिला होता. फळाला ओरखडून कोणाचं काय भलं व्हायचंय! बाहेर काळी जमीन उन्हात तापून भेगाळली होती, आणि शेजारच्या बाईच्या पिशवीतून कोथिंबिरीचा वास येत होता. त्या वासासरशी खरी बोच तिच्या लक्षात आली. जानराव हसले ही ती बोच नव्हे. आपण फळवाल्यांच्या घरात नांदतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून पपईची तीनशे झाडं सुरू होतात. आणि एका फळाबद्दल विचारायला आपल्याला घरात माणूस नाही.

माणूस होता, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. सत्यभामाबाई, तिच्या सासूबाई, लग्नाला आठ महिने झाले तरी तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. एक अक्षर नाही म्हणणंही खरं नव्हतं. एक वाक्य झालं होतं. रजिस्टर लग्न करून गोवर्धन तिला घेऊन अमरावतीजवळ रहाटगावच्या घरी आला, तेव्हा फाटकाशी उभ्या राहून, तिच्या गळ्यातल्या बारीक सोन्याच्या क्रूसाकडे पाहत त्या म्हणाल्या होत्या, "तू आपल्या घरी जाय." ती गेली नाही. गोवर्धननं बॅगा आत नेल्या, तीही त्याच्या मागं आत गेली, आणि त्या दिवसापासून सत्यभामाबाई तिला जे सांगायचं ते मांजरीला सांगू लागल्या. "मीठ जास्त झालं, मने." "दूध उतू जाऊन राहिलं, मने, पाह्यते का कोनी?" घरात उपाशी कोणी ठेवलं नाही, टाकून कोणी बोललं नाही, आंघोळीचं पाणी वेळेवर तापलेलं असे. फक्त शब्द तिला ओलांडून मांजरीपाशी जात. प्राजक्ताला आधी रडू यायचं, मग राग यायला लागला, आणि अलीकडे तर, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, हसूच यायला लागलं होतं. सगळा काच गोवर्धनला बसला. विजेच्या ऑफिसातला शांत माणूस. घरी दोन बायांच्या मधे बसून जेवताना त्याचा घास फिरायचा. त्यानं अकोल्याला बदलीचा अर्ज केला होता, खोलीही पाहून ठेवली होती. "तुझं कामही तिथंच आहे," तो म्हणाला होता. "आई सुटेल, तूही सुटशील." ती 'बघू' म्हणाली होती. बरोबर तेच तिला हवं असायला पाहिजे होतं. मग आपण 'बघू' का म्हणालो, हे तिचं तिलाच उमगलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती कपडे वाळत घालायला मागे गेली. पपईच्या ओळीत सत्यभामाबाई पदर खोचून झाडामागून झाड करत होत्या. हे दृश्य तिनं शंभर वेळा पाहिलं असेल. एखाद्या फळावर नुसती पिवळी रेघ उमटली की त्या हातातल्या बाभळीच्या काट्यानं त्याच्यावर वरून खाली चार ओरखडे ओढायच्या, न बघता, बोलता बोलता, गाईच्या पाठीवर हात फिरवावा तसं. ओरखड्यातून पांढरा चीक थेंबाथेंबानं उतरायचा. प्राजक्ताच्या हातात गोवर्धनचा ओला शर्ट होता. त्याचं पाणी तिच्या पायावर टपटपत राहिलं आणि ती तशीच उभी राहिली. ओरखडणारा. इजिप्तात बसलेले ते जुने लोक काही डोकं फिरलेले नव्हते. त्यांनी बाजारात जाताना रोज हे पाहिलं असेल. तिच्या अंगावर शहारा आला. आनंदाचा शहारा असतो हे ती विसरून गेली होती. शर्ट तारेवर फेकून ती ओळीत शिरली.

"आई, हे काहून करता तुमी?"

सत्यभामाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मांजर बांधावर बसून पंजा चाटत होती. "मने," त्या मांजरीला म्हणाल्या, "आठ मयने झाले, पपईले चिरा कायले देतेत हे बी मालूम नाही लोकायले."

प्राजक्ताही मांजरीकडे वळली. "मने, लोकायले कोनी सांगितलंच नाही त मालूम कसं होईन?"

सत्यभामाबाईंचा काटा हातातच थांबला. ओठाचा एक कोपरा हलला आणि त्यांनी तो दाबून धरला. "चीक गयून गेला का फय लवकर पिकते, मने. चार दिसात. आन गोड येते. नाई त वरून पिवयं आन आतून दगड."

"आन मने, उंबराले बी अशा चिरा देतेत का?"

"उंबराले?" सत्यभामाबाई सरळ तिच्याकडं वळल्या. मांजर राहून गेली. "उंबराले कोन चिरा देते? येडी झाली का तू? उंबर कोनी पिकवते का?"

तिनं सांगितलं. भराभर, थोडं भीतभीतच, कारण सासूबाई मांजरीकडे परत वळतील की काय याचा नेम नव्हता. अडीच हजार वर्षांहून जुनी गोष्ट, परक्या देशातली. तिथं उंबरासारखंच एक झाड आहे, गरिबांचं फळ. आमोस नावाचा एक माणूस होता, मेंढरं वळायचा आणि ह्या फळांचं काहीतरी करायचा; काय करायचा तो शब्दच अडलाय. तो आपला मुलूख सोडून शेजारच्या राज्यात गेला आणि तिथल्या राजाच्या देवळात उभा राहून बोलला, की तुम्ही गरिबाला पायताणाच्या जोडापायी विकता, तुमची गाणीबजावणी देवाला नकोत. तिथला पुजारी त्याला म्हणाला, तू आपल्या मुलखात पळ, तिथं भाकर खा, तिथं काय बोलायचं ते बोल.

"म्हंजे बाहेरून आला होता तो?"

"हो."

"आन त्याले म्हनलं, आपल्या घरी जाय?"

प्राजक्ताला हे सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं. ती क्रियापदाच्या मागं लागली होती. आता तिला एकदम फाटक दिसलं, बॅगा दिसल्या, आणि तिची नजर खाली गेली. "हो," ती म्हणाली. सत्यभामाबाई काट्याच्या टोकावरचा चीक अंगठ्यानं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग? गेला का तो?" "नाही गेला," प्राजक्ता म्हणाली. "तो म्हणाला, मी काही कोणी मोठा संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पोरगाही नाही. मी मेंढरंवाला आहे, उंबरांचं ते हे करणारा माणूस आहे. पण मला पाठवलंय, त्याला मी काय करू." सत्यभामाबाईंनी पुढच्या पपईवर चार चिरा ओढल्या, एका दमात. "बरोबर बोलला," त्या म्हणाल्या. "फयाचं काम करनारा मानूस हाय तो. हातानं समजते त्याले, काय कच्चं हाय आन काय पिकलं."

तीन दिवस त्या कधी तिच्याशी बोलल्या, कधी मांजरीशी. जुनी सवय मधूनच डोकं वर काढी आणि त्या स्वतःवरच चिडत. प्राजक्ताच्या मनात मात्र दिवसभर काहीतरी नाचत राहिलं. भाजी चिरताना ती आमोसाची ओळ वेगवेगळी म्हणून पाही. उंबराले चिरा देनारा. उंबरं ओरखडनारा. लहानपणी अकोल्याच्या घरी तिची आई परसातल्या सीताफळांना नुसतं दाबून पाहायची, ते बोट तिला आठवलं. कॉलेजातले हिब्रूचे सर आठवले, जे म्हणायचे की एकदाच आलेल्या शब्दाला घाईनं अर्थ देऊ नये, तो पाहुणा आहे, त्याला आधी बसू द्यावं. तेव्हा वर्गात सगळे हसले होते, तीही. गुरुवारी जेवायला बसल्यावर सत्यभामाबाईंनी तिच्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाल्या, "शनवारी मले अकोल्याले नेशीन का? मी येतो तुयासंगं. त्या म्हाताऱ्यायले समजावून सांगतो." गोवर्धनचा घास हातातच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग मांजरीकडे. जेवण झाल्यावर तो फोन घेऊन अंगणात गेला. प्राजक्ता भांडी विसळत होती, खिडकीतून त्याचा आवाज आला, कधी नव्हे इतका मोठा आणि मोकळा: "नाही भाऊ, खोली नको आता. तुम्ही दुसऱ्याला देऊन टाका."

शनिवारी सत्यभामाबाईंनी ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसलं आणि पिशवीत दोन पपया घेतल्या. एकाच झाडाच्या, एकीला सोमवारी चिरा दिलेल्या, एकीला नाही. अकोल्याच्या त्या खोलीत आल्यावर त्यांनी टेबलावरचे कोश बाजूला सरकवले, शेषराव मास्तरांना "सुरी हाय का?" विचारलं, आणि दोन्ही फळं कापली. एक केशरी, रसानं भरलेली. दुसरी फिकट, तिच्यात सुरी कचकन अडली. जानरावांनी केशरी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. शेषराव मास्तरांनी दोन्ही चाखल्या. न्यायाधीशासारखे, आधी कच्ची.

"पण बाई," ते म्हणाले, "उंबर केवढंसं! त्याला अशा चिरा कशा देणार?"

"मंग चिरा नोका देऊ. टोचा द्या. काट्यानं, नाई त नखानं, इत्तुसा." सत्यभामाबाईंनी अंगठ्याचं नख बोटावर टेकवून दाखवलं. "लहान फयाले लहान जखम."

"टोचे देणारा," मास्तर स्वतःशी म्हणाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ओरखडणारा याच्याशी जुळतं. अर्थ चांगला आहे. पण कानाला खटकेल हो. टोचणारा म्हटलं की लोकांना वाटेल, टोचून बोलणारा."

"मंग काय खोटं हाय?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "राजाच्या देवयात जाऊन टोचूनच त बोलला न तो!"

मग जानराव हसले. मागच्या शनिवारचं हसणं वेगळं होतं. हे पोटातून आलं, खुर्ची करकरली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांच्या मागोमाग शेषराव मास्तर, ज्यांना प्राजक्तानं तीन वर्षांत दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं, टेबलावर तळवा आपटत हसू लागले. प्राजक्तानं पेन उचललं आणि लिहिलं: *मी मेंढरं वयनारा मानूस, उंबरायले टोचे देऊन पिकवनारा.* जानरावांनी एकदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं. "आता हा मानूस दिसते," ते म्हणाले. "आता तो वावरात उभा हाय." मास्तरांनी समासात सही केली, तारीख घातली, आणि उरलेल्या फोडी रुमालात बांधून घरी न्यायला मागून घेतल्या.

परतीच्या बसमध्ये सत्यभामाबाईंनी खिडकी घेतली. बराच वेळ त्या बाहेर पाहत होत्या. प्राजक्ताला वाटलं, दमल्या असतील. तिचं मन अजून त्या खोलीतच होतं. तो शब्द आता छापला जाईल, मोठ्या अक्षरात, कोण्या गावात कोणी म्हातारं माणूस तो ऐकेल आणि अडखळणार नाही. बोरगाव मंजूच्या पुढं सत्यभामाबाई खिडकीकडेच पाहत म्हणाल्या, "माहे मायबाप महानुभाव होते. रिद्धपूरच्या जवयचं गाव आमचं. तुले गोवर्धननं सांगितलं का?" त्यानं सांगितलं नव्हतं, त्यालाही कितपत ठाऊक होतं कोण जाणे. "आमच्याकडं एकालेच मानतेत. दुसऱ्या देवापुढं वाकत नाहीत. लगनाच्या दुसऱ्या दिशी सासूनं मले देव्हाऱ्यापुढं उभं केलं. म्हने, वाक. मी नाही वाकली. तीन दिवस घरातलं कोनी माह्यासंगं बोललं नाही. अठरा वर्साची होती मी. चवथ्या दिशी वाकली." बस खड्ड्यातून गेली आणि दोघींचे खांदे एकमेकींना लागले. "चवतीस वर्सं झाली. देव वाईट नाहीत ते, मी त्यायले काई बोलत नाही. पन तू आली न, गयात ते घालून, मले वाटलं, चार दिसात काहाडते ही. तू नाई काहाडलं. मले लय राग ये तुया. तुले पाहू पाहू राग ये. कायचा राग हाय, माहं मलेच समजे नाही."

आठ महिने प्राजक्ता सासूबाईंच्या मनात स्वतःला एका जागी बसवून होती: परधर्माची, पोरगा नेलेली, नकोशी. त्या जागी ती नव्हतीच. तिथं एक अठरा वर्षांची पोरगी पाठ ताठ करून उभी होती, तीन दिवस. सांत्वनाचं काहीतरी म्हणावं असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, नको, घाई नको. तिनं सत्यभामाबाईंचा हात हातात घेतला. चिकानं काळी पडलेली बोटं, काट्यासारखी खरखरीत. "सासूनं तीन दिवस केलं," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम हसूच फुटलं, "आन मी पाय, आठ मयने!" पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहू लागला. दोघी हसत होत्या, तोंडाला पदर आणि ओढणी लावून. हसू ओसरल्यावर प्राजक्तानं विचारलं, "रिद्धपूर किती दूर आहे आपल्या घरून?" "गाडीनं घंटा, सवा घंटा." "मग उद्या जाऊ." सत्यभामाबाईंनी हाताची पकड घट्ट केली.

सकाळी आठ वाजता स्कूटरवर निघाल्या. रस्त्याच्या कडेनं संत्र्याच्या बागा गडद हिरव्या उभ्या होत्या आणि ऊन आत्ताच पाठीला टोचू लागलं होतं. सत्यभामाबाई मागं बसून प्रत्येक फाट्यावर गावाचं नाव सांगत होत्या. रिद्धपूरला स्कूटर लावून दोघी मठाच्या दाराशी आल्या. उंबऱ्याशी सत्यभामाबाई थांबल्या. चप्पल काढली, परत घातली, परत काढली. प्राजक्ता एक पाऊल मागं राहिली. हे त्यांचं होतं. इथं आपण किती पुढं जावं हे तिला कळेना. ओवरीत एक काळ्या वस्त्रातली म्हातारी तपस्विनी धान्य निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि सहज, रोज शंभर माणसांना म्हणत असेल तशा आवाजात म्हणाली, "दंडवत प्रणाम." सत्यभामाबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि मग तो आला, बारीक, अगदी पोरीचा, "दंडवत प्रणाम, आई." त्या वाकल्या. वाकल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. प्राजक्ताला भिंतीवरची चुन्याची पुटं दिसत होती, निवडलेल्या गव्हाचा छोटा ढीग दिसत होता, आणि डोळ्यांपुढचं सगळं जरा जरा पाण्यात हलत होतं.

सत्यभामाबाई उठल्या तेव्हा चेहरा पदरानं पुसून स्वच्छ केलेला होता. म्हातारीनं दाराशी उभ्या असलेल्या प्राजक्ताकडे पाहिलं, तिच्या गळ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "ही कोन हाय, बाई?"

"माही सून," सत्यभामाबाई म्हणाल्या. "अकोल्याची. आज इतवार, तिची प्रार्थना असते चर्चात. ते सोडून आली माह्यासाठी." त्यांनी मागं हात करून प्राजक्ताचं मनगट धरलं आणि तिला उंबऱ्याच्या आत ओढून घेतलं. "तिले आंधी पानी द्या. उन्हातून आली."